बागेला पाणी देण्याच्या चार रीती

स्पेनमधील आव्हिला या तटबंदीच्या नगरात २८ मार्च १५१५ रोजी जन्मलेल्या तेरेसाने प्रार्थनेविषयी जे लिहिले, ते एखाद्या आचार्याने शिष्यांपुढे शास्त्र मांडावे तसे लिहिलेले नाही. तिचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंनी आज्ञा केली म्हणून तिने आपले आत्मचरित्र लिहिले. आज उपलब्ध असलेली त्याची संहिता १५६५ मध्ये पूर्ण झाली. धर्मन्यायालयाची दृष्टी अशा लेखनावर, विशेषतः स्त्रीच्या लेखनावर, करडी असे, आणि तेरेसाचा हा ग्रंथही पुढे तपासणीसाठी त्याच्या ताब्यात गेला. तिच्या लेखनातील वारंवार येणारी नम्रतेची वचने वाचताना ही परिस्थिती ध्यानात ठेवलेली बरी.

विसाव्या वर्षी ती कार्मेल संघाच्या मठात गेली. त्यानंतर लवकरच ती गंभीर आजारी पडली. त्या काळात फ्रान्सिस्को दे ओसुना या फ्रान्सिस्कन साधूचा एक ग्रंथ तिच्या चुलत्याने तिला दिला आणि मौन प्रार्थनेची वाट तिला प्रथम त्यात दिसली. परंतु वाट दिसणे निराळे आणि चालणे निराळे. पुढील कित्येक वर्षे प्रार्थनेस बसल्यावर ठरलेला तास कधी संपतो याकडेच तिचे कान लागलेले असत, हे तिने कसलाही आडपडदा न ठेवता सांगितले आहे. हाताशी पुस्तक असल्याखेरीज बसण्याचा तिला धीर होत नसे. पुष्कळदा ते नुसते उघडले तरी पुरे, पण ते जवळ असले की हाती ढाल असल्यासारखे वाटे. १५५९ मध्ये लोकभाषेतील अनेक धार्मिक ग्रंथांवर बंदी आली, तेव्हा हा आधारही तिच्याकडून हिरावला गेला.

त्याआधी एकदा तर तिने वर्षाहून अधिक काळ ही प्रार्थना सोडूनच दिली होती. आपल्यासारख्या अपात्र जीवाने ईश्वराशी एवढी सलगी करावी हा उद्धटपणाच, अशी तिची समजूत झाली होती. ती नम्रता खोटी होती, किंबहुना सैतानाचा तो सर्वांत भयंकर डाव होता, असा निर्वाळा तिने नंतर स्वतःच दिला.

अशा अनुभवातून आलेली स्त्री जेव्हा प्रार्थनेच्या पायऱ्या सांगते, तेव्हा तिची उपमा बागेची असते. ही उपमा आपण कोठेतरी वाचली किंवा ऐकली असावी, असे ती प्रांजळपणे म्हणते. बाग ईश्वराची, तण उपटून रोपे लावणाराही तोच, साधक हा केवळ माळी. बागेला पाणी चार रीतींनी मिळते: विहिरीतून पोहऱ्याने शेंदून, रहाटगाडग्याने, नदीच्या किंवा ओढ्याच्या प्रवाहातून, आणि पावसाने. रहाटाला स्पॅनिश भाषेत ‘नोरिया’ म्हणतात. हा शब्द अरबीतून आलेला आहे.

पोहऱ्याने पाणी शेंदणे म्हणजे नवख्या साधकाचे चिंतन. यात हात दुखतात. मन बाहेर धावते, त्याला ओढून आणावे लागते, ख्रिस्ताच्या जीवनाचा विचार बुद्धीने करावा लागतो. आणि विहीरच कोरडी असली तर? तेरेसाचा खरा जिव्हाळा या प्रश्नाशी आहे. पोहरा सोडावा आणि रिकामा वर यावा, असे दिवसामागून दिवस चालते. कधी तर हात उचलण्याचेही त्राण उरत नाही. तरीही एवढ्या थोर सम्राटाच्या बागेत राबावयास मिळाले, हेच भाग्य माळ्याने मानावे, असे ती सांगते. पाणी म्हणजे येथे अश्रू आणि अंतःकरणाचा ओलावा. ते हाती लागले नाही तरी धनी पाण्यावाचून फुले जगवितो.

रहाटाने श्रम कमी आणि पाणी अधिक. येथे इच्छाशक्ती शांत होते, पण बुद्धी आणि स्मृती धन्याने घातलेल्या दाण्यांवर संतुष्ट नसलेल्या पारव्यांप्रमाणे इतरत्र चारा शोधत भटकतात. त्यांच्यामागे धावू नये. प्रवाहाच्या तिसऱ्या अवस्थेत माळ्याला पाणी केवळ वळवावे लागते. पाऊस मात्र सर्वस्वी धन्याच्या मर्जीचा. ही एकरूपतेची अवस्था फार टिकत नाही. अर्धा तास म्हणजे पुष्कळच झाला, असे तेरेसा नमूद करते.

चंचल मनाचे कोडे तिला पुढेही सतावत राहिले. १५७७ मध्ये ‘अंतरीचा किल्ला’ लिहिताना, भटकणारा विचार आणि समजणारी बुद्धी या एक नव्हेत हे आपणास सुमारे चार वर्षांपूर्वी उमगले, असे तिने लिहिले. तेव्हा ती बासष्ट वर्षांची होती. विचाराला तिने गिरणीच्या खटखटणाऱ्या लाकडाची उपमा दिली: ते खटखटत राहो, आपण आपले पीठ दळावे. त्या दिवसांत तिच्या मस्तकात अनेक नद्या एकाच वेळी वाहत असल्यासारखा घोष चालू होता. त्याने प्रार्थनेत व्यत्यय येत नाही, अशी नोंद करून ती पुढच्या परिच्छेदाकडे वळली.