साथीच्या काळात परक्या माणसाला दुकानाने नाकारले तर

8 मे 2020 च्या पहाटे बदनापूर आणि करमाड या स्थानकांदरम्यान रुळांवर झोपलेले 16 मजूर मालगाडीखाली चिरडले गेले. ते जालन्यातल्या स्टील कारखान्यात कामाला होते. घरे मध्य प्रदेशातल्या उमरिया-शहडोलकडे. टाळेबंदीत काम थांबले आणि भुसावळहून गाडी मिळेल या आशेने ते पायी निघाले होते. परक्या गावात आधार उरला नाही की माणूस असा निघतो. आधार म्हणजे तरी काय? किराणा, रेशन, दवाखाना, डोक्यावर छप्पर. साथीत नेमकी हीच दारे ‘बाहेरच्या’ला बंद होतात. मार्च 2020 मध्ये मैसूरच्या एका सुपरमार्केटने नागालँडच्या दोन तरुणांना परदेशी समजून आत घेतले नव्हते. पोलिसांनी गुन्हा नोंदवला.

अशी वेळ पुन्हा आली तर काय करायचे, हे मुकादम, घरमालक आणि शेजाऱ्यांना आधीच माहीत हवे. परका माणूस एकटा तक्रारीला क्वचितच जातो.

आधी कारण विचारा. मास्क, अंतर, एका वेळी ठरावीकच गिऱ्हाईक, असा नियम सर्वांना सारखा असेल तर तो पाळावा. वाद घालू नये. पण ‘तुम्ही बाहेरचे’ असे उत्तर आले तर काउंटरवरच्या पोराशी न बोलता मालकाशी बोला, शक्यतो मराठी बोलणारा सोबती घेऊन. निम्मी प्रकरणे इथेच मिटतात असे मला वाटते, कारण नकारामागे बहुधा भीती असते. तरीही नकार कायम राहिला तर तारीख, वेळ, दुकानाचे नाव, नेमके शब्द आणि साक्षीदार लिहून ठेवा. दारावर पाटी असेल तर तिचा फोटो घ्या. सामान दुसरीकडून आणा, तक्रार त्यानंतर. उपाशी माणसाला कायदा शिकवू नये.

आता रेशन. इथे हक्क सर्वांत पक्का आहे. ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजनेमुळे बिहार किंवा उत्तर प्रदेशचे कार्ड जालन्यातल्या दुकानातही चालते. कार्डाचा किंवा आधारचा क्रमांक सांगून पॉस मशीनवर अंगठा द्यायचा. कुटुंबातल्या काहींनी गावी आणि काहींनी इथे धान्य घेतले तरी चालते. दुकानदार ‘तुमचे कार्ड इथले नाही’ म्हणाला तर तहसील कार्यालयातल्या पुरवठा शाखेत लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पोच नसलेला अर्ज दिलाच नव्हता असे सांगितले जाऊ शकते.

दवाखान्याचे तसेच. तातडीच्या रुग्णाला आधी उपचार द्यायचे, कागदपत्रे मागाहून, हे सर्वोच्च न्यायालयाने 1989 च्या परमानंद कटारा प्रकरणात स्पष्ट केले आहे; खासगी डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत. वेळ दवडू नका, 108 ला फोन करून जिल्हा रुग्णालय गाठा.

किराणा, हॉटेल, लॉज यांच्याबाबत मात्र एक फरक नीट समजून घ्यावा. राज्यघटनेचे कलम 15(2) धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्यावरून दुकानात वा उपाहारगृहात प्रवेश नाकारू देत नाही. पण ते संरक्षण नागरिकांना आहे. बिहारचा कामगार आणि मणिपूरची नर्स यांना ते मिळते, परदेशी विद्यार्थ्याला किंवा अभियंत्याला नाही. म्हणून परदेशी माणूस हक्काविना आहे असे मुळीच नाही. कलम 14 आणि 21 प्रत्येक व्यक्तीसाठी आहेत, आणि ते शासनाला बांधतात. लॉजवाल्याला परदेशी पाहुणा ठेवायला बंदी नाही. 24 तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन नोंदवायची, एवढेच काम. हे ठाऊक नसल्यानेही खोली नाकारली जाते, तेव्हा सांगून बघा. जमले नाही तर पोलीस अधीक्षक कार्यालयात जा. परदेशी नागरिकांची नोंदणी तिथेच होते. मदत मागायला व्हिसा संपायची वाट पाहू नये.

धमकी, मारहाण, घराबाहेर काढणे असे काही घडले तर 112. कामगार, स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, क्रमांक 15100. साथीत जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाची धुरा जिल्हाधिकाऱ्यांकडे असते, आणि मदत देताना जात, समुदाय, वंश, धर्म, लिंग यांवरून भेद करू नये असे 2005 च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचे कलम 61 सांगते. जिल्हाधिकाऱ्यांना द्यायच्या निवेदनात ते कलम लिहा.

जालना ज्या खंडपीठाच्या अखत्यारीत येते, त्याच औरंगाबाद खंडपीठाने 21 ऑगस्ट 2020 रोजी अहमदनगरमध्ये तबलिगी जमातसाठी आलेल्या 29 परदेशी नागरिकांवरील गुन्हे रद्द केले. साथीत सरकार बळीचा बकरा शोधते, असे निरीक्षण न्यायालयाने त्या निकालात नोंदवले आहे.

दुकानदार मित्रांनो, आजाराची भीती खरी आहे, मान्य. मग सर्वांसाठी दाराबाहेर रांग लावा, सामान बाहेर आणून द्या, फोनवर यादी घ्या. माणूस कुठला हे विचारून विषाणू कळत नाही. आणि कारखानदारांनी आपल्या कामगारांच्या खोल्यांच्या भिंतीवर 112, 108 आणि 15100 हे तीन क्रमांक हिंदीत आजच लिहून ठेवावेत.