लाईट गेली की फोनही जातो

वडगाव निंबाळकर हे नीरा-बारामती रस्त्यावरचं गाव. एका अंगाला सोमेश्वरनगर, दुसऱ्या अंगाला कोऱ्हाळे, आणि मध्ये नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस. गावात टॉवर आहेत. रस्त्याला उभं राहिलं की फोन खणखणीत लागतो. पण आमच्यासारख्या मळ्यातल्या वस्तीवर घराचा उंबरा ओलांडला की रेंज जाते. जुन्या घराच्या दगडी भिंती हात-दीड हात जाड आणि वर पत्रा. पत्र्यावरून मोबाइलची लहर परत फिरते, दगडात ती जिरते. त्यात ४जी आणि ५जीच्या बऱ्याचशा लहरी १८००, २३००, ३३०० मेगाहर्ट्झ अशा वरच्या पट्ट्यातल्या; पट्टा जितका वरचा, तितकी भिंत तिला जास्त अडवते. शिवाय चहूबाजूंनी ऊस. पावसाळ्यात तो पुरुषभर उंच होऊन पानं ओली झाली की उरलीसुरली रेंजही जाते आणि तोड झाली की फोन पुन्हा लागायला लागतो, हा इथल्या वस्त्यांवरचा दरवर्षीचा अनुभव आहे.

रेंज नसण्याची किंमत शहरात राहणाऱ्याला चटकन कळत नाही. साखर कारखान्याच्या चिटबॉयचा फोन येतो, उद्या तुमच्या फडात ऊसतोडीची टोळी येतेय म्हणून. तो लागला नाही तर टोळी पुढच्या शेतकऱ्याकडे जाते आणि आपला ऊस वाळत उभा राहतो. पुण्याला शिकणाऱ्या मुलीचा फोन येतो, दवाखान्यातून तपासणीच्या रिपोर्टचा फोन येतो. त्या सगळ्यांना ऐकू येतं ते एवढंच, की नंबर संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. म्हणून गावात फायबर आल्यावर आम्ही वस्तीपर्यंत तार ओढून घेतली आणि फोनमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केलं.

ही सोय चांगली आहे, हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणी ती बंद करू नये. एअरटेलनं ती डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओनं जानेवारी २०२० मध्ये, आणि व्हीआयनं त्याच वर्षाच्या डिसेंबरात महाराष्ट्र-गोव्यात. फोन टॉवरऐवजी घरच्या इंटरनेटवरून थेट सिम कंपनीपर्यंत पोचतो. नंबर आपला नेहमीचाच, रिचार्ज नेहमीचाच, वेगळे पैसे नाहीत. व्हॉट्सअॅपच्या कॉलपेक्षा हे वेगळं आहे. व्हॉट्सअॅपला समोरच्याकडेही नेट लागतं, शिवाय त्यावरून बँकेला, कारखान्याच्या गट ऑफिसला किंवा १०८ ला फोन करता येत नाही. वाय-फाय कॉलिंगवर समोरचा साध्या बटणांच्या फोनवर असला तरी चालतो. आमच्या आत्याबाईंना तर काही नवीन शिकावंच लागलं नाही. त्या नेहमीसारखा नंबर दाबतात आणि माजघरात बसून बोलतात.

आता ती रात्र. मे महिना होता, वळवाचा. शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीला होती, त्यामुळे मालक पाणी द्यायला लांबच्या रानात गेले होते. गोठ्यात आमची संकरित गाय व्यायला आली होती, पहिल्या वेताची. पाणमोट फुटली, वासराचा एक पाय बाहेर दिसला आणि तिथंच सगळं थांबलं. गाय कळा देत होती, उठत होती, बसत होती, पण दुसरा पाय येईना. मी डॉक्टरांना फोन लावला. ते लांबच्या गावात दुसऱ्या गाईवर होते, निघायला वेळ होता. पण माणूस भला. म्हणाले, "ताई, घाबरू नका, मी सांगतो तसं करा. हात कोपरापर्यंत साबणानं धुवा, नखं बघा. ओढू नका अजिबात." फोन मी खुंटीला अडकवलेल्या पिशवीत स्पीकरवर ठेवला होता. आत्याबाईंनी गाईचं तोंड धरलं. मी हात घालून सांगितलं, की डोकं लागतंय, पण दुसरा पाय मागं दुमडलाय. ते म्हणाले, "कळ थांबली की वासरू हळूच आत ढकला, मग खुराला हाताच्या ओंजळीत..." आणि लाईट गेली.

वारं सुटलं होतं, कुठंतरी तारेवर फांदी पडली असणार. घरातला राऊटर बंद पडला आणि डॉक्टरांचा आवाज शब्दाच्या मध्येच तुटला. मी फोन पुसून परत लावला. लागेना. पुन्हा लावला. अंधारात अंगणात आले, मग पळत कालव्याच्या भरावावर गेले, जिथं रेंज हमखास असते. तिथंही लागेना. कारण फोन विमान मोडवर होता. नेट जोडायला आलेल्या माणसानंच तो तसा लावून दिला होता. घरात रेंजची एखादी रेघ असली की फोन तिलाच धरून बसतो आणि वाय-फायवर जात नाही, म्हणून विमान मोड लावून वाय-फाय तेवढं चालू ठेवायचं, ही युक्ती त्यानं दाखवली होती. युक्ती बरोबर आहे, चालतेही. पण लाईट गेल्यावर असा फोन टॉवरकडे वळतच नाही, हे सांगायचं त्यानं सोडलं. शेजारच्या वस्तीवरचा पोरगा बॅटरी घेऊन आला, त्यानं ते विमानाचं चिन्ह ओळखलं आणि काढलं. फोन लागला तेव्हा डॉक्टर निघाले होते. त्यांनी येऊन गाय वाचवली. वासरू मेलेलं निघालं. कालवड होती.

डॉक्टर लवकर आले असते तर काय झालं असतं, हे कुणी सांगू शकत नाही. पण ते बोलणं मध्येच तुटायला नको होतं, आणि ते न तुटण्याची व्यवस्था दीड-दोन हजार रुपयांत होते. म्हणून हे लिहायला बसले.

घरच्या इंटरनेटवरचा फोन घरच्या लाईटवर चालतो. टॉवरला स्वतःची बॅटरी असते, राऊटरला नसते. त्यासाठी राऊटरचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो, हाताच्या पंजाएवढा. त्याची बॅटरी राऊटर काही तास चालवते. घेताना राऊटरच्या अॅडॅप्टरवरचा आकडा वाचून जा. बहुतेक राऊटर १२ व्होल्टचे असतात, पण सगळे नव्हेत, आणि अँपिअर १ आहे की २ तेही बघावं लागतं. पिनही जुळायला हवी, म्हणून अॅडॅप्टरच सोबत न्यावा. काही घरांत दोन डबे असतात, एक फायबरचा आणि एक वाय-फायचा. दोघांनाही लाईट लागते; एकालाच यूपीएस लावून उपयोग नाही. घरात इन्व्हर्टर असेल तर त्यावर राऊटर आहे की नाही ते स्वतः मेन स्विच पाडून बघा. जुना इन्व्हर्टर लाईट गेल्यावर क्षणभर उशिरा उचलतो, तेवढ्यात राऊटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि चालू फोन कट होतो. इन्व्हर्टरवर 'यूपीएस' असं बटण असेल तर ते त्यासाठीच असतं.

एवढं करूनही काम अर्धंच झालेलं असतं, आणि हे मला नंतर कळलं. आपला राऊटर जिवंत असला तरी गावातलं मशीन बंद पडलं तर नेट जातंच. काही जोडण्यांमध्ये मुख्य केंद्रापासून घरापर्यंत मध्ये लाईटवर चालणारं काहीच नसतं, काहींमध्ये कुणाच्या तरी गच्चीवर किंवा दुकानात ठेवलेला एक डबा असतो. जोडणी घेताना नेटवाल्याला सरळ विचारायचं: "दादा, गावाची लाईट गेल्यावर तुमचं मधलं मशीन किती वेळ चालतं?" उत्तर टाळलं तर समजून घ्या. आमच्या भागात आणखी एक प्रश्न विचारायला हवा, तो तारेचा. फायबर विजेच्या खांबांवरून झुकत आलेली असते आणि गळीत हंगामात उसानं शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या त्याच रस्त्यानं जातात. एखादी मोळी अडकते आणि तार तुटते. रस्ता ओलांडताना तार किती उंचावरून गेली आहे हे आपणच उभं राहून बघावं आणि लोंबत असेल तर हंगामाआधी ओढून घ्यायला लावावी. तोडीच्या दिवसांत चिटबॉयचा फोन सगळ्यात जास्त लागतो, आणि तार तुटते तीही त्याच दिवसांत.

विमान मोडबद्दल एवढंच: तो लावायचाच असेल तर घरातल्या प्रत्येकाला, म्हाताऱ्या माणसांनासुद्धा, तो काढायला शिकवा आणि अंधारात हातानं करून दाखवा. त्याहून चांगलं म्हणजे फोनच्या सेटिंगमध्ये, जिथं वाय-फाय कॉलिंग चालू करतो तिथंच, काही फोनांत 'वाय-फायला प्राधान्य' असा पर्याय असतो. तो निवडला की विमान मोडची गरज पडत नाही, आणि वाय-फाय गेलं की फोन आपोआप टॉवर शोधतो. दोन सिम असतील तर दोन्हींना वेगवेगळं चालू करावं लागतं. व्हीओएलटीई चालू असायला हवं. जुना फोन असेल तर त्यात ही सोय नसतेही. नवा घेताना दुकानातच आपल्या सिमवर चालते का ते बघून घ्या. यातल्या कशासाठीही कुणाला ओटीपी सांगायचा नसतो. 'वाय-फाय कॉलिंग चालू करून देतो' म्हणून कुणी फोनवर ओटीपी मागितला तर तो चोर आहे.

वेगाच्या मागे लागू नका. एका बोलण्याला सेकंदाला साधारण १०० किलोबिट पुरतात, त्यासाठी महागडा प्लॅन लागत नाही. आवाज तुटतो तो बहुधा घरातल्या भिंतींमुळे, नाहीतर त्याच वेळी कुणी मोठा व्हिडिओ वर चढवत असल्यामुळे. राऊटर टीव्हीजवळ कोपऱ्यात न ठेवता घराच्या मध्यावर, उंचावर ठेवा. बऱ्याच राऊटरांत २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ असे दोन पट्टे असतात. लांबच्या खोलीला, गोठ्याला २.४ चाच उपयोग. सगळं नेट चालतंय आणि फोन तेवढा वाय-फायवरून लागत नाही, असं झालं तर नेटवाल्याला सांगा, की यूडीपीचे ५०० आणि ४५०० हे पोर्ट बंद आहेत का ते बघ. वाय-फाय कॉलिंग याच दारांनी जातं. फोनमध्ये व्हीपीएन चालू असेल तर तोही बंद करून पाहावा. आणि बोलत बोलत घरातून अंगणात जाऊन बघा. बाहेर ४जीची धड रेंज असेल तर फोन न तुटता टॉवरवर जातो. नसेल तर कट होतो. आपल्या घरात तो नेमका कुठल्या पावलाला कट होतो ते घरच्यांना ठाऊक असलेलं बरं. बँकेचे मेसेज वाय-फायवर काही फोनांत येतात, काहींत येत नाहीत. कर्जाच्या हप्त्याच्या दिवशी ते कळण्यापेक्षा आधीच एक मेसेज पाठवून बघा.

बूस्टरचं मात्र कुणी ऐकू नका. गावोगाव माणसं फिरतात, गच्चीवर अँटेना आणि घरात डबा लावून देतो, रेंज फुल होईल म्हणतात. परवानगीशिवाय असा बूस्टर विकणं, बाळगणं, लावणं हा गुन्हा आहे. कायद्याचं सोडा, तो टॉवरकडे गोंगाट पाठवतो आणि त्यामुळे आजूबाजूच्या सगळ्या वस्त्यांची रेंज बिघडते. आपल्या घरात फोन लागावा म्हणून शेजाऱ्याचा तोडायचा, हे मला तरी पटत नाही.

अडीअडचणीच्या फोनांचं वेगळं सांगायला हवं. ११२ ला फोन करताना मोबाइल आपल्या कंपनीची रेंज नसली तरी दुसऱ्या कंपनीचा टॉवर वापरू शकतो. म्हणून विमान मोड काढायचा, शक्य असेल तर मोकळ्यावर यायचं आणि मग लावायचा. वाय-फायवरून लावलात तर टॉवरवरून आपला ठिकाणा कळेल या भरवशावर राहू नका. गाव, वस्ती, कालव्याचा कुठला पूल, रस्त्यावरची ओळखीची खूण, हे पहिल्या वाक्यातच सांगा, कारण फोन मध्येच तुटू शकतो. १०८ ची रुग्णवाहिका बोलावतानाही ठिकाणा असाच आधी सांगा. जनावरांसाठी १९६२ आहे. आमच्या गोठ्यात आता हे नंबर आणि डॉक्टरांचा नंबर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलेत. डॉक्टर मला एक गोष्ट म्हणाले ती मी पाळते: फोन लागला की आधी हकिकत न सांगता विचारायचं, "फोन तुटला तर मी काय करू?" ते उत्तर पहिलं घ्यायचं, बाकीचं मागून.

आणि वाय-फाय आलं म्हणून टॉवरची तक्रार सोडून देऊ नका. ज्याच्या घरी फायबर नाही, ज्याचा फोन जुना आहे, त्याला अजूनही भरावावरच पळावं लागतं. आपल्या सिम कंपनीच्या १९८ या नंबरवर तक्रार नोंदवता येते, पैसे पडत नाहीत. तक्रारीचा क्रमांक मागून घ्यायचा आणि लिहून ठेवायचा. समाधान झालं नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील अधिकाऱ्याकडे जाता येतं. एकट्याची तक्रार नुसती नोंदली जाते, म्हणून आम्ही कालव्यालगतच्या वस्त्यांनी आपापल्या नंबरांवरून, घरात रेंज नाही आणि बाहेर किती आहे ते लिहून, वेगवेगळ्या तक्रारी केल्या. ते सगळे क्रमांक एका कागदावर घेऊन ग्रामपंचायतीत अर्ज दिला आहे. ज्या वस्त्यांची नावं राहिली असतील त्यांनी ती पुढच्या ग्रामसभेआधी आणून द्यावीत.