सगळं ओझं वरच्या स्क्रूवर

अगं, वर्ध्याजवळच्या नालवाडीतल्या नव्या घरात मोठी आलमारी घ्यायची नाही, भिंतीलगतच्या त्या मोकळ्या जागेत पडदा लावून कपड्यांची दांडी बसवायची, हे तू ठरवलंस ते मला मनापासून पटलं. खोली लहान आहे. पावसाळ्यात बंद आलमारीत कपड्यांना कुबट वास येण्यापेक्षा हवा खेळलेली केव्हाही बरी. पण "ताई, बाजारात ब्रॅकेट मिळतात, दोन आणते आणि ठोकून घेते" असं म्हणालीस, तेव्हा वाटलं की तुझ्याशी जरा निवांत बोलावं. ब्रॅकेट ही लहान वस्तू आहे म्हणून तिचा विचारही लहान करायचा, असं करू नकोस. आपलं घर आहे, आपण हिशेब मांडून करू.

आधी जागा नीट बघ. त्या कोनाड्याच्या दोन्ही बाजूंना पक्की भिंत असेल आणि मधलं अंतर चार फुटांच्या आत असेल, तर ब्रॅकेटची गरजच नाही. दोन्ही भिंतींवर दांडीचं टोक धरणाऱ्या वाट्या बसवायच्या की झालं. तिथं वजन सरळ खाली जातं, ओढ जवळजवळ नसतेच. तुझ्याकडे मात्र एका बाजूला भिंत नाही, म्हणजे मागच्या भिंतीतून पुढे येणारे हात लागणार. हँगर साधारण दीड फूट रुंद असतो. कपडे मागच्या भिंतीला घासू नयेत म्हणून दांडी भिंतीपासून अकरा-बारा इंच पुढे हवी. म्हणजे तीस सेंटिमीटरचा हात धर.

आता वजन. चार फुटांच्या दांडीवर पंचवीस-तीस हँगर सहज बसतात. जीन्स सहाशे-सातशे ग्रॅमची, सुती साडी अर्ध्या किलोच्या आसपास, जरीची भारी साडी त्याहून जड. सरासरी पाऊण किलो धरली तरी वीस-बावीस किलो होतात. मग एका हँगरवर तीन साड्या घालायची तुझी सवय, थंडीतल्या चादरी, आणि जुलै-ऑगस्टमध्ये अर्धवट वाळलेले कपडे. पाणी प्यायलेलं सुती कापड जवळजवळ दुप्पट जड होतं. म्हणून मी सरळ ४० किलो धरते. दोन ब्रॅकेट, म्हणजे एकेकावर २० किलो. वीस किलो उचलायला तुला फार वाटणार नाही, पण अंगापासून एक फूट पुढे धरून बघ, मनगट लगेच बोलायला लागेल. भिंतीचंही तेच होतं.

सगळी गोम इथेच आहे. दांडीवरचं वजन ब्रॅकेटला खाली दाबतं, आणि दाबता दाबता त्याचा वरचा भाग भिंतीतून बाहेर खेचतं. खालचा भाग भिंतीत रुततो, वरचा स्क्रू उपटला जातो. किती जोरानं? गणित सोपं आहे. वजन गुणिले भिंतीपासूनचं अंतर, भागिले वरच्या आणि खालच्या स्क्रूमधलं अंतर. बाजारातल्या बुटक्या ब्रॅकेटला दोन भोकांत जेमतेम ५ सेंटिमीटर असतात. २० गुणिले ३० भागिले ५, म्हणजे वरच्या स्क्रूवर १२० किलोची ओढ! तेच अंतर १५ सेंटिमीटर केलं की ४० किलो, आणि २० सेंटिमीटर केलं की फक्त ३०. लोखंड तेच, वजन तेच, भिंतही तीच. नुसती मागची पट्टी उंच केली आणि ओढ पावपट झाली. दांडी पडली की लोक लोखंडाला नावं ठेवतात, पण बहुतेक वेळा लोखंड शाबूत असतं आणि वरचा स्क्रू भिंतीतून निसटलेला असतो.

दुसरी गोष्ट हाताची. हाताला २५ बाय ५ ची पट्टी घे, म्हणजे २५ मिलिमीटर रुंद आणि ५ मिलिमीटर जाड. ती आडवी झोपवून लावली तर तुझ्या ४० किलोंना ती टिकणार नाही. आपल्याकडे मिळणारं साधं बांधकामाचं पोलाद, ज्याला आयएस २०६२ म्हणतात, ते दर चौरस मिलिमीटरला २५० न्यूटनपर्यंत ताण घेऊन पूर्ववत होतं. पुढे गेलं की वाकलेलंच राहतं. आडव्या पट्टीत हा ताण साडेपाचशेच्या वर जातो. तीच पट्टी धारेवर उभी कर, ताण एकशे तेराच्या आसपास येतो. उद्या भाचा दांडीला लोंबकळला आणि वजन दुप्पट झालं, तरी मर्यादेच्या आत. उभ्या पट्टीची ताकद आडवीच्या किती पट, तर रुंदी भागिले जाडी, म्हणजे इथे पाचपट. हा नियम गॅलिलिओनं १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात मांडून ठेवला आहे. वेल्डिंगवाले भाऊ "पट्टी आडवी लावली की फिनिशिंग छान येतं" म्हणाले, तर गोड बोलून पण ठामपणे सांग: उभीच लावा.

आता कागद घे आणि माझ्याबरोबर काढ. मागची पट्टी ४० बाय ५ ची, २५ सेंटिमीटर उंच. तिच्या वरच्या टोकाजवळून २५ बाय ५ चा हात उभ्या धारेवर ३० सेंटिमीटर पुढे. मग तिरपा आधार: हातावर भिंतीपासून वीस सेंटिमीटरवर सुरू होऊन मागच्या पट्टीच्या खालच्या टोकाजवळ टेकणारा, त्याच मापाच्या पट्टीचा. या तिरप्यानं त्रिकोण तयार होतो, आणि त्रिकोणाचा आकार बाजू वाकल्याशिवाय बदलत नाही. हाताच्या टोकाला दांडी बसेल अशी वरून उघडी यू आकाराची खोबण, पुढचा ओठ थोडा उंच, म्हणजे कपडे ओढताना दांडी उडी मारून बाहेर येणार नाही. खोबणीच्या बाजूला एक बारीक भोक ठेव, त्यातून स्क्रू घेऊन दांडी पक्की करायची. मागच्या पट्टीला तीन भोकं: दोन वर, एक खाली. वरची दोन एकाच उभ्या रेषेत नकोत, थोडी इकडे-तिकडे. आणि हात अगदी काटकोनात नको, टोक तीन-चार मिलिमीटर वर राहू दे. जुन्या मातीच्या घरांत खुंटी ठोकताना तिचं तोंड जरा वर ठेवत, ते याचसाठी. भार आला की हात सरळ दिसतो आणि दांडी पुढे घसरत नाही.

दांडीला एक इंची, दीड-दोन मिलिमीटर जाडीची स्टीलची पोकळ नळी घे. चार फुटांत ४० किलोला ती मध्यभागी पाच-सहा मिलिमीटर झुकेल, डोळ्यांना कळणारही नाही. पण पुढे मोह झाला आणि आठ फुटांची दांडी करावीशी वाटली, तर मध्ये तिसरं ब्रॅकेट हवंच. तेवढंच वजन दुप्पट लांबीवर ठेवलं की झोळ आठपट होतो.

भिंतीबद्दल सांगते, कारण इथे घाई केली की आधीचं सगळं पाण्यात. भोक पाडताना खाली कागद धर आणि पडणारी भुकटी बघ. पहिली पांढरट-करडी येईल, तो प्लास्टर. तो बारा-पंधरा मिलिमीटर असतो, त्याच्यात काही दम नसतो. मग लाल भुकटी आली तर ड्रिल विटेत गेलं आहे, उत्तम. करडीच येत राहिली तर विटांमधल्या जोडात शिरलं आहे. थांब, आणि दीड-दोन इंच सरकून नवं भोक घे. घर राखेच्या विटांचं असेल तर रंगानं कळणार नाही, तिथे हातावर विश्वास ठेव. ड्रिल एकदम लोण्यात शिरल्यासारखं पुढे गेलं की जोड समज. भोक आठ मिलिमीटरचं, प्लग आणि स्क्रू किमान दोन इंची. प्लग म्हणजे दुकानात गिट्टी म्हणतात ती. भोकातली भुकटी फुंकून, ब्रशनं साफ केल्याशिवाय प्लग घालू नकोस, नाहीतर तो भुकटीतच फिरत राहतो. लोखंडी फुगणारे अँकर बोल्ट कॉलम-बीमच्या काँक्रीटमध्ये छान धरतात, मऊ विटेत मात्र वीटच फोडतात. आणि आपल्या गावाकडच्या मातीच्या घरात करायचं असेल तर स्क्रूच्या भरवशावर राहू नये. तिथे भिंतीच्या आरपार बोल्ट घालून पलीकडे मोठी चौकोनी पट्टी लावायची, किंवा दांडी वरच्या लाकडी तुळईलाच टांगायची.

एवढं वाचून तुला वाटेल, तयारच घ्यावं. घेऊ नकोस असं नाही, पण हिशेब बघ. या दोन ब्रॅकेटांना मिळून दोन किलोच्या आत लोखंड लागतं. वर्ध्यात भूगावला पोलादाचा कारखाना आहे, गल्लोगल्ली ग्रिल-दरवाजे करणारी दुकानं आहेत. तिथे कापलेल्या पट्ट्यांचे तुकडे पडलेले असतात. सरळ, गंजानं न खाल्लेले निवडून घे. १९३४ साली वर्ध्यातच अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला, इथल्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांनी त्याचं काम उभं केलं. रोजच्या गरजेची वस्तू जवळच्या कारागिराच्या हातून, आपल्या गरजेला साजेशी व्हावी, हा विचार इथल्या मातीतला आहे. तुझं ब्रॅकेट हे त्याचं अगदी छोटं, पण खरं उदाहरण होईल.

फक्त दुकानात तोंडी सांगू नकोस. कागदावर आकृती, प्रत्येक माप लिहिलेलं, आणि "दोन नग" असं स्पष्ट. बाई आली की "साहेबांना पाठवा" म्हणणारे भेटतात. कागद पुढे ठेवला आणि "हात उभ्या पट्टीचा, वेल्डिंग दोन्ही बाजूंनी पूर्ण" असं म्हटलं की बोलणं कामावर येतं. नुसते टॅक, म्हणजे तुटक ठिपके, मारून देतील तर परत कर. जोड सलग हवा, विशेषतः हात आणि मागची पट्टी मिळते तिथे वरच्या बाजूला, कारण फाटण्याची ओढ तिथेच असते. जस्ताचा मुलामा असलेली पट्टी वेल्डिंगला देऊ नकोस, तिचा धूर त्या माणसाच्या छातीत जातो. आणि सगळे कोपरे ग्राइंडरनं गोल करून घे. बोट फिरवून बघ. जे बोटाला टोचतं ते साडीचा धागा ओढतं.

गंजाचं मनावर घे. वर्ध्याच्या माणसाकडे पांढरी खादी असतेच, आणि त्यावर गंजाचा तपकिरी डाग पडला की लिंबू-मीठ लावून उन्हात ठेवा, तरी पुसट खूण राहते. म्हणून वेल्डिंगनंतर काळपट थर घासून काढायचा, रेड ऑक्साइडचा हात, तो वाळला की ऑइलपेंटचे दोन हात. भोकांच्या आतूनसुद्धा, कारण गंज तिथूनच सुरू होतो. मे महिन्याच्या उन्हात रंग बाहेरून चटकन वाळतो आणि आत ओला राहतो, तेव्हा सावलीत वाळव आणि आठवडाभर कपडे लावू नकोस.

उंची तुझ्या हाताची ठेव, मिस्त्रीच्या नव्हे. जमिनीपासून साडेपाच फूट तुला पुरेल, लांब कुर्तेही जमिनीला टेकणार नाहीत. पण आई उन्हाळ्यात तुझ्याकडे राहायला येते, तिचा खांदा वर जात नाही. तिच्यासाठी सव्वाचार फुटांवर एक लहान, दोन फुटी दांडी वेगळी कर. तिच्या चार साड्या तिला कुणाला न सांगता काढता आल्या पाहिजेत.

सगळं बसलं की लगेच कपडे टांगू नकोस. पाण्याचे वीस लिटरचे दोन कॅन दोरीनं दांडीला बांध, झाले तुझे ४० किलो. मागच्या पट्टीच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलीनं बारीक रेघ मार आणि रात्रभर राहू दे. सकाळी रेघ आणि पट्टी जागच्या जागी असतील, वर नखभरही फट नसेल, तर तिसरा कॅन लाव आणि तासभर बघ. तेही झालं तर निर्धास्त कपडे लाव. फट दिसली तर ब्रॅकेट बदलू नकोस, भोक बदल. आणि दरवर्षी पोळ्याच्या आसपास, ओले कपडे भरपूर लटकून झालेले असतात तेव्हा, वरचे दोन स्क्रू पेचकसानं एकदा तपासत जा. आकृतीचा कागद रविवारी मला फोनवर पाठव. मापं मी बघून देते, पण काढायची तूच.