थोरल्याची सायकल धाकटीला : खर्च किती?

थोरला कॉलेजात गेला, सायकल जिन्याखाली धूळ खातेय आणि धाकटीला सायकल हवीय. दुकानात नेण्याआधी एक तपासणी घरीच करा. बूट घालून तिला मधल्या दांडीवर टांग टाकून उभं करा. टाचा जमिनीला टेकून वर इंचभर फट राहिली, जाड टायरच्या सायकलला दोन इंच, तर पुढचं वाचा. दांडी टेकत असेल तर एक रुपयाही घालू नका. फ्रेम लहान होत नाही. हाफ पायडल मारत शिकायचे दिवस आमच्याबरोबर गेले. तेव्हा रस्ते तरी रिकामे होते.

सीट खाली घ्यायला मिस्त्री ३०-५० रुपये घेतो, ओळखीचा असला तर तेही नाही. सीटवर बसून टाच खालच्या पायडलवर ठेवली की गुडघा सरळ व्हायला हवा. नवशिकीची सीट याहून थोडी खाली ठेवा, पाय टेकले पाहिजेत. सीटची नळी आत अडकली तर मिस्त्री लगेच हॅक्सॉ काढतो. थांबा, मुलगी वाढणार आहे! मी हौसेनं कापून घेतली आणि वर्षाच्या आत नव्या नळीला अडीचशे मोजले. कापायचीच असेल तर निदान तीन इंच नळी फ्रेममध्ये राहील एवढी ठेवा.

खरी अडचण हँडल लांब पडण्याची. ‘सीट पुढे सरकवा’ हा सल्ला फुकटचा, पण फार सरकवली की गुडघे बोलू लागतात. गिअरच्या सायकलींना बहुधा आखूड स्टेम, म्हणजे हँडल धरणारा तुकडा, बसतो, ९० मिलिमीटरऐवजी ६०चा. साधारण ४०० ते ८०० रुपये, मजुरी शंभरेक. जुना स्टेम सोबत न्या, कारण हँडलची जाडी सहसा २५.४ किंवा ३१.८ मिलिमीटर असते आणि एकाचा स्टेम दुसऱ्याला चालत नाही. काळ्या दांडीच्या जुन्या सायकलला हे जमत नाही, तिथे हँडल फक्त वर-खाली होतं.

बऱ्याच ब्रेकच्या मुठीशी एक बारीक स्क्रू असतो. तो आत पिळला की मूठ छोट्या बोटांजवळ येते. दुकानदार हे आपणहून सांगत नाही, कारण यात बिल होत नाही.

एकूण हजाराच्या वर जात असेल तर थांबा. त्यात आणखी दीड-दोन हजार घातले की २४ इंची जुनी सायकल मिळते आणि थोरल्याची विकून काही सुटतातही. पैसे देण्याआधी धाकटीला दुकानासमोर एक चक्कर मारू द्या आणि ब्रेक दाबून उतरायला सांगा.