जुनी पेठ, नवा व्यापार : बऱ्हाणपूरच्या जतनाचा आणि पुनर्रचनेचा विचार

नवा व्यवहार मांडण्यापूर्वी व्यापारी मनुष्य जुनी वही उघडतो आणि मागील शिलक पाहतो. शिलक न पाहता उधळपट्टीस निघणारास आपण शहाणा म्हणत नाही. परंतु जे सूत्र आपण पेढीवर कटाक्षाने पाळतो, तेच आपल्या गावाच्या बाबतीत विसरतो. दुकान अरुंद पडले, माल ठेवण्यास जागा नाही, गिऱ्हाइकाची मोटार उभी करता येत नाही, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर ‘जुने पाडा, नवे बांधा’ हा एकच उपाय आहे काय, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम शिलक पाहू. फारुकी राजवटीत सूफी संत बुऱ्हाणुद्दीन ह्यांच्या नावाने तापीकाठी वसलेले हे नगर खानदेशाची राजधानी झाले. १६०१ साली अकबराने असीरगड घेतल्यावर ते मोगलांच्या दक्षिणेकडील कारभाराचे ठाणे बनले. १६३१ साली मुमताजमहल येथेच निवर्तली. १७३१ साली निजामउल्मुल्काने गावाभोवती विटांचा कोट उभारला. १७६० मध्ये उदगीरच्या तहाने हे नगर पेशव्यांकडे आले व पुढे शिंद्यांकडे गेले. येथील तलम वस्त्रे इराण, तुर्कस्तान आणि पोलंडपर्यंत जात असल्याचे ताव्हर्निये ह्या फ्रेंच प्रवाशाने सतराव्या शतकात लिहून ठेवले आहे. जामा मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. पुण्याच्या पेठांप्रमाणे येथेही शनवारा, बुधवारा, इतवारा ही वारांची नावे आहेत. तात्पर्य, ही पेठ राजवाड्याच्या आश्रयाने आली असली तरी राजवाडा गेल्यावरही व्यापाराच्या बळावर टिकली.

आता खर्चाची बाजू. १९०१ साली गावची वस्ती सुमारे तेहेतीस हजार होती. २०११ च्या जनगणनेत ती दोन लाखांच्या वर गेली. २००३ साली बऱ्हाणपूर जिल्ह्याचे ठिकाण झाले, तेव्हा कचेऱ्यांची ये-जाही वाढली. यंत्रमागाचे कापड आणि केळी ह्यांची वाहतूक वाढली. बैलगाडीसाठी आखलेल्या गल्लीत मालमोटार शिरू लागली. आग लागली तर बंब आत जाणार कसा, हा प्रश्न कोणाही कुटुंबप्रमुखाने स्वतःस विचारावा. म्हणून ‘काहीच बदलू नका’ म्हणणारा गावाचा हितकर्ता नव्हे. मोडकळीस आलेल्या माडीखाली मुलाबाळांस निजविणे हे संस्कृतिरक्षण नसून प्रमाद आहे.

मग काय ठेवावे आणि काय बदलावे? ह्याचा उत्तम धडा आपल्या कुंडी भंडाऱ्याने घालून दिला आहे. १६१५ च्या सुमारास, अब्दुर्रहीम खानखानांच्या काळात, सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी भूमिगत बोगद्यांनी आणि ओळीने खोदलेल्या कुंड्यांनी गावापर्यंत आणण्यात आले. मोट नाही, रहाट नाही. केवळ जमिनीचा उतार. ह्या योजनेची कीर्ती एवढी की २०२४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत तिचे नाव आले. परंतु बोगद्यात चुन्याचे थर साचतात, आणि वरच्या जमिनीतील भूजल उपसले की झरा आटतो. येथे दिसणारी वास्तू कुंडीची; न दिसणारी वास्तू जमिनीखालचा प्रवाह. कुंडीस कठडा बांधून प्रवाह तोडला, तर जतन झाले असे म्हणता येईल काय? पेठेचेही तसेच आहे. नक्षीदार तुळई ही कुंडी. तिच्या आश्रयाने चालणारा धंदा, शेजार आणि पायी येणारे गिऱ्हाईक हा प्रवाह होय.

दुसरा धडा कायद्याचा, आणि तो प्रत्येक सभासदाने ध्यानी ठेवावा. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या अधिनियमात २०१० साली झालेल्या दुरुस्तीनुसार, शाही किल्ल्यातील महालासारख्या केंद्र-संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे. त्यापुढील २०० मीटरांत परवानगीनेच बांधता येते. मनाईच्या टापूतही जुन्या घराची दुरुस्ती रीतसर परवानगीने करता येते; मात्र घर भुईसपाट केल्यावर ‘दुरुस्ती’ हा शब्द उरत नाही. जो आधी पाडतो आणि मग अर्ज लिहितो, त्याच्या हाती मोकळी जमीन राहते, घर राहत नाही.

ह्या संदर्भात आमच्या घरचाच अनुभव सांगतो. आमच्या आजोबांची लाकडी माडी समोरून झुकू लागली, तेव्हा ‘पाडल्यावाचून गत्यंतर नाही’ असे एका जाणत्याने सांगितले. धाकटे बंधू तीन मजली गाळ्यांचा नकाशा घेऊनही आले. वडिलांनी मात्र आधी एका वृद्ध सुताराकडून घर तपासून घेतले. शेजारच्या मोरीचे पाणी भिंतीत मुरून तीन तुळयांची टोके कुजली होती, आणि वरून दिलेल्या सिमेंटच्या गिलाव्याने ती ओल आतच कोंडली होती. मोरी वळविली, गिलावा काढून चुन्याचा दिला, तुळया बदलल्या, आणि खाली लोखंडी गर्डर घालून दुकानाचे तोंड रुंद केले. बंधूंची अडचण अर्धीच भागली, हे कबूल केले पाहिजे. माल ठेवण्यास गावाबाहेर वखार घ्यावी लागली. पण घर उभे आहे, आणि दुकानही.

बाहेरची दोन उदाहरणे पाहण्याजोगी आहेत. मुंबईच्या भेंडीबाजारात २००९ पासून एका विश्वस्त संस्थेने सुमारे साडेसोळा एकरांतील जुन्या चाळी व दुकाने काढून नवी वस्ती उभारण्याचे काम घेतले. भाडेकरूंस पक्के घर मिळणे ही मोठी जमेची बाजू. जुन्या गल्ल्या पुन्हा येणार नाहीत, ही नावेची. उलट अहमदाबादच्या पोळांत, जेथे जैन कुटुंबांच्या हवेल्या व देरासरे दाटीने उभी आहेत, घर राखणाऱ्या मालकास न वापरलेला बांधकामहक्क अन्यत्र विकण्याची सवलत मिळाली. २०१७ साली ते शहर जागतिक वारसायादीत गेले. जतनाचा भार एकट्या मालकावर टाकू नये, हे तत्त्व त्यातून घ्यावयाचे.

ह्या विवेचनातून सभासदांसाठी काही नियम सुचतात :

१. घर पाडण्यापूर्वी चुना-लाकडाचे काम जाणणाऱ्या कारागिराकडून ते तपासून घ्यावे.

२. स्मारकाच्या ३०० मीटरांच्या आत असल्यास आधी परवानगी, मग कुदळ.

३. घाऊक वखारी व मालमोटारी गावाबाहेर न्याव्या. किरकोळ पेठ गावातच राहू द्यावी.

४. खरोखर धोक्याचे घर उतरवावेच. परंतु नवे बांधताना गल्लीची रेषा व शेजाऱ्याची उंची पाळावी.

५. दुरुस्तीस असमर्थ असलेल्या कुटुंबासाठी संघाने अल्पव्याजी निधी उभारावा.

शेवटचा नियम सर्वांत कठीण आहे, कारण तो खिशास लागतो. परंतु नवीन मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. मंदिराच्या जीर्णोद्धारास आपण आनंदाने वर्गणी देतो; ज्या पेठेने ती वर्गणी देण्याचे सामर्थ्य दिले, तिच्यासाठी हात आखडता घेणे शोभणार नाही. व्याजावर संसार चालतो. मुद्दल मोडली की पेढी बसते. बऱ्हाणपूरची जुनी पेठ ही आपली मुद्दल आहे. पुढील वर्षी वह्यांचे पूजन करताना ह्या मुद्दलीचाही आकडा आपण मनात मांडावा, एवढीच विनंती.