अर्धवट थांबलेल्या कामाची नोंद

अनेक पायऱ्यांची प्रक्रिया प्रोग्रामने चालवायची, तर पद्धत निवडण्याआधी एक गोष्ट पाहावी लागते: काम मध्येच बंद पडले, तर ते कुठवर आले होते हे कुठे लिहिलेले असते?

ठरल्या वेळी काम सुरू करणारा क्रॉन असे काही लिहीत नाही. आधीची फेरी चालू असली तरी वेळ झाली की तो दुसरी सुरू करतो, म्हणून स्क्रिप्टला ‘फ्लॉक’चे कुलूप हवेच. सर्व्हर यूटीसीवर असेल, तर मध्यरात्रीचे काम भारतात पहाटे साडेपाचला होते. हे बहुधा महिनाअखेरीच्या हिशेबातच उघडकीस येते.

2014 मध्ये एअरबीएनबीत सुरू झालेला एअरफ्लो प्रत्येक पायरीची स्थिती डेटाबेसमध्ये ठेवतो, त्यामुळे पडलेली पायरी तेवढी पुन्हा चालवता येते. रोजच्या डेटाकामाला तो उत्तम. मात्र दुसऱ्या आवृत्तीत ‘कॅचअप’ मुळातच चालू असे. सुरुवातीची तारीख जुनी टाकली की मागच्या साऱ्या फेऱ्या रांगेत उभ्या. त्यांत ग्राहकांना ईमेल जात असेल, तर पुढचे सांगायला नको.

माणसाच्या होकारासाठी दिवसेंदिवस थांबणाऱ्या कामाला टेम्पोरल बरे. उबरच्या केडन्समधून ते निघाले. यात सर्व्हर घटनांचा इतिहास ठेवतो. यंत्र कोसळले, तर दुसरे यंत्र तोच कोड पहिल्यापासून चालवते आणि इतिहासातली उत्तरे वापरत थांबल्या जागी पोचते. खुबी इथेच आणि खोडही इथेच. प्रक्रिया चालू असताना पायऱ्यांची अदलाबदल केलेला कोड चढवला, की तो इतिहासाशी जुळत नाही आणि प्रक्रिया अडकते. नेहमीच्या चाचण्यांत हे दिसत नाही, कारण तिथली प्रक्रिया नव्या कोडवरच सुरू झालेली असते. त्यामुळे बदलाला आवृत्तीची खूण द्यावी आणि खऱ्या जुन्या इतिहासांवर नवा कोड आधी चालवून पाहावा.

स्टेप फंक्शन्स या क्लाउड सेवेत हा त्रास नाही. चालू फेरी जुन्याच व्याख्येवर पुरी होते. पण ही व्याख्या जेसनमध्ये लिहावी लागते, आणि अटी वाढल्या की त्यात तर्क लिहिणे जिवावर येते.

पैसे कापले गेले आणि पोच येण्याआधी यंत्र बंद पडले, तर यांतली कोणतीही पद्धत ती पायरी पुन्हा चालवू शकते. म्हणून प्रत्येक व्यवहाराला एकच ठरलेला क्रमांक द्यावा आणि समोरच्या सेवेने तो ओळखून दुसऱ्यांदा पैसे कापू नयेत. उलट फिरवायच्या पायऱ्यांसाठी 1987 मध्ये मांडलेली ‘सागा’ची रीत आहे: जे शेवटी केले ते आधी रद्द करायचे. गेलेला ईमेल रद्द होत नाही, तेव्हा तो सगळ्यांत शेवटी ठेवावा.