प्रो होण्याआधी पासबुक उघडा

मुळशी म्हटलं की पुण्यातल्या लोकांना दोनच गोष्टी आठवतात. एक पावसाळ्यातला ताम्हिणीचा रस्ता, दुसरा २०१८ सालचा 'मुळशी पॅटर्न'. जमिनी विकल्यावर पोरांचं काय होतं ते त्या सिनेमात आहे. आमच्याही रस्त्यालगतच्या काही गुंठ्यांचा व्यवहार झाला. तो पैसा मात्र गाड्यांवर किंवा भानगडींवर गेला नाही, गोल्फवर गेला. संपायचा तेवढ्याच वेगानं संपला.

बावधन-लवळ्याच्या डोंगरावर ऑक्सफर्डचं गोल्फ मैदान झालं आणि आसपासच्या गावांतली पोरं कॅडी म्हणून, म्हणजे खेळाडूंच्या बॅगा उचलायच्या कामाला लागली. मीही लागलो. कॅडीला एक फायदा असतो. दुसऱ्याचा पैसा आणि दुसऱ्याचा चेंडू, पण होलभोवतीच्या ग्रीनचा उतार वाचायचं काम आपलं. डोंगरावरच्या मैदानात वारा कुठून वळतो, कुठल्या होलला एक क्लब जास्त घ्यावा लागतो, हे खेळायला लागायच्या आधीच अंगात भिनलेलं असतं. संध्याकाळी मैदान रिकामं झालं की कुणीतरी टाकून दिलेल्या सेव्हन आयर्ननं आम्ही चेंडू मारायचो. तिथून पुढं हौशी स्पर्धा, मग क्यू-स्कूल म्हणजे पात्रता स्पर्धा, मग व्यावसायिक दौऱ्यावर खेळायचं कार्ड.

कॅडीच्या पोराला कार्ड का हवंसं वाटतं, ते सांगायला हवं. कॅडींच्या खोलीत पुराणकथांसारख्या काही गोष्टी फिरत असतात. दिल्लीचा अली शेर कॅडी होता आणि १९९१ साली त्यानं इंडियन ओपन जिंकली. बंगळुरूचा चिन्नास्वामी मुनियप्पाही बॅगा उचलूनच मोठा झाला आणि २००९ साली तीच स्पर्धा जिंकून बसला. महूच्या मुकेश कुमारनं देशातल्या शंभराहून जास्त स्पर्धा जिंकल्या. या सगळ्या गोष्टी खऱ्या आहेत. पण मुकेश कुमारना आशियाई टूरवरचं पहिलं विजेतेपद २०१६ साली मिळालं आणि तेव्हा ते ५१ वर्षांचे होते, हा भाग कुणी रंगवून सांगत नाही. मधल्या वर्षांत माणसानं खायचं काय, हेही कुणी सांगत नाही.

म्हणून खाण्याचंच आधी सांगतो. आपल्याकडं व्यावसायिक गोल्फचा मुख्य दौरा म्हणजे पीजीटीआय, २००६ साली सुरू झालेला. कार्ड मिळालं म्हणजे नोकरी लागली असं गावाला वाटतं. प्रत्यक्षात कार्ड हा फक्त खेळायचा परवाना. पगार नाही, भत्ता नाही. प्रवेश फी आपण भरायची, गाडीचं तिकीट आपलं, लॉज आपला, कॅडीचे पैसे आपले. चार दिवसांच्या स्पर्धेत पहिल्या दोन दिवसांनंतर कट लागतो. शंभरावर खेळाडूंतले साधारण पन्नास पुढं जातात, बाकीचे बॅग भरतात. कट चुकला की बक्षिसातला एक रुपयाही मिळत नाही. एक कोटीच्या स्पर्धेत विजेत्याला १५ लाख मिळतात आणि पेपरात तेवढाच आकडा येतो. कट जेमतेम ओलांडणाऱ्याच्या हाती त्या आठवड्याच्या खर्चाएवढं पडलं तरी नशीब. माझा लांबच्या गावचा आठवडा तीस हजारांच्या खाली क्वचितच भागायचा, तोही दोघा-तिघांत खोली वाटून घेऊन.

माझा पहिला मोसम बरा गेला. बरेच कट पार झाले, एकदा पहिल्या दहांत नाव आलं. चौकात फ्लेक्स लागला. (फ्लेक्सवरचा माणूस आणि फ्लेक्सचे पैसे देणारा माणूस, या दोघांनाही पुढं काय होणार ते माहीत नसतं.) एका स्थानिक व्यावसायिकानं वर्षाचा खर्च उचलायचं कबूल केलं. बोलणं तोंडी झालं, कागद झाला नाही. दुसऱ्या मोसमात डावं मनगट दुखायला लागलं, लागोपाठ कट चुकले आणि त्याच सुमारास त्या गृहस्थांचे फोन येईनासे झाले. कागदच नव्हता, तर विचारणार कुणाला? वडिलांनी गुंठ्यांचा विषय तेव्हा काढला. मला नको म्हणायची संधीसुद्धा त्यांनी दिली नाही. बापलोक असेच असतात.

इथून जे सुरू झालं ते नीट समजून घ्या, कारण बहुतेक खेळाडू इथंच मोडतात. मनगट बरं झालं तरी पटिंग, म्हणजे ग्रीनवरून चेंडू होलमध्ये ढकलणं, गेलं. तीन-चार फुटांचा पट, जो कॅडी असताना डोळे मिटून पडायचा, तो मारताना उजवा हात झटका द्यायला लागला. याला यिप्स म्हणतात. मी ज्याला त्याला उपाय विचारत सुटलो. एकानं पकड बदलायला लावली, दुसऱ्यानं पटर, तिसऱ्यानं अख्खा स्विंग. माझ्या डोक्यात मात्र दुसरंच चालायचं. हा पट पडला तर परतीचं तिकीट निघेल, नाही पडला तर घरी फोन करावा लागेल. चेंडूमागं उभं राहून रेल्वेच्या भाड्याचा हिशेब करणाऱ्याचा हात थरथरणारच. तंत्र बिघडलं असं सगळे म्हणत होते. माझं ठाम मत वेगळं आहे. आधी पैसा बिघडला, तंत्र त्याच्या मागून गेलं.

मोठ्यांचंही घसरतं, फरक असतो तो घसरल्यावर खाली काय आहे याचा. ऑस्ट्रेलियाचा इयन बेकर-फिंच १९९१ साली ब्रिटिश ओपन जिंकला आणि १९९७ साली त्याच स्पर्धेत पहिल्या दिवशी ९२ फटके मारून बाहेर पडला. पण तो रस्त्यावर आला नाही, टीव्हीवरचा नावाजलेला समालोचक झाला. आपल्या पुण्यात जन्मलेला अनिर्बान लाहिरी पाहा. २०१५ साली पीजीए चॅम्पियनशिपमध्ये संयुक्त पाचवा आला. त्याच वर्षी कोरियातल्या प्रेसिडेंट्स कपमध्ये शेवटच्या होलवर त्याचा छोटासा पट हुकला, तो सामना गेला आणि त्याचा संघ एका गुणानं हरला. पुढची काही वर्षं चढउतारांची गेली. मग २०२२ साली प्लेयर्स चॅम्पियनशिपमध्ये एका फटक्यानं दुसरा येऊन त्यानं २१ लाख ८० हजार डॉलर मिळवले. इतकी वर्षं थांबायची ऐपत त्याच्याकडं होती. ती त्यानं स्वतः कमावली होती, हेही खरं. पुण्याचाच उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेला तो अर्जेंटिनाच्या एमिलियानो ग्रिलोनं माघार घेतल्यामुळं. पहिल्या दिवशी ७६, मग सावरून अखेर ५६वा. दुसऱ्या कुणाच्या माघारीतून आपलं दार उघडायचं, तर त्या दिवशी क्रमवारीत आपलं नाव असावं लागतं. नाव राहायचं तर खेळत राहावं लागतं आणि खेळत राहायला पुन्हा पैसाच लागतो.

आमच्याकडचा भातशेतकरी पुढच्या वर्षीचं बियाणं आणि घरचं वर्षाचं धान्य बाजूला काढल्याशिवाय पोतं बाजारात नेत नाही. प्रो व्हायचं ठरवताना हाच नियम लावा. दोन मोसम एकही कट पार झाला नाही तरी खेळता येईल इतका पैसा बँकेत हवा. तो घर किंवा जमीन विकून आलेला नसावा, कारण त्या पैशाचं ओझं प्रत्येक पटवर येऊन बसतं. मदत करणारा कितीही जवळचा असो, करार कागदावर करा. किती हप्ते, कधी मिळणार, दुखापत झाली तर काय, हे त्यात लिहून घ्या. व्यावसायिक खेळाडूच्या बक्षिसावर कर लागतो, पण खेळासाठीचा खर्च त्यातून वजा दाखवता येतो. तेव्हा लॉजची आणि तिकिटांची बिलं फेकू नका. वर्षातून एकदा सीएकडं जायला लाजू नका. मला हे फार उशिरा कळलं.

हौशी राहण्यात कमीपणा नाही. उलट तो काळ जितका लांबवता येईल तितका लांबवा. २०२२ पासूनच्या नियमांनुसार हौशी खेळाडूला एका स्पर्धेत हजार डॉलरच्या मर्यादेपर्यंत बक्षीस घेता येतं. मात्र पैसे घेऊन शिकवायला लागलात की हौशी दर्जा जातो, हे आमच्या भागातल्या पोरांना सांगावं लागतं, कारण सरावाच्या रेंजवर चार साहेबांना शिकवून खिसा भरायचा मोह लवकर होतो. प्रो झालेल्याला ठरावीक काळ थांबून पुन्हा हौशी होता येतं. त्यात लाज कसली?

खेळ बिघडला तर मोसमाच्या मध्यावर स्विंग मोडू नका. एकच प्रशिक्षक धरा. किती ग्रीन ठरलेल्या फटक्यांत गाठले आणि प्रत्येक फेरीत किती पट लागले, हे रोज वहीत लिहा. माझ्या वहीत ड्रायव्हर, आयर्न सगळं जागेवर होतं, फक्त पट वाढले होते. तरी तीन माणसांनी मिळून माझा स्विंग बदलला.

मी आज रेंजवर शिकवतो. नॅशनल गोल्फ अकॅडमीचा प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम केला, आता महिन्याला पैसे येतात. हा अभ्यासक्रम खेळत असतानाच करून ठेवावा, हरल्यावरची सोय म्हणून पाहू नये. मुळशीतल्या पोरांना मैदानाचा शेजार मिळाला आहे, जो राज्यातल्या फार थोड्या गावांना मिळतो. ग्रीन सांभाळणारे, यंत्रं चालवणारे, स्पर्धा भरवणारे, शिकवणारे, सगळ्यांचे पगार याच खेळातून निघतात आणि ते दर महिन्याला निघतात.

तरीही कुणाला प्रो व्हायचंच असेल तर जरूर व्हा. आईबापांनी मात्र मला विचारायला येताना पोराचे मोबाइलवरचे व्हिडिओ आणू नयेत. गेल्या दोन वर्षांची स्कोअरकार्डं आणा. घरच्या मैदानावरची बाजूला ठेवा, बाहेरगावची तेवढी आणा आणि वाईट दिवसांची गाळू नका.